बरणीला शिशाचं सील

३ मार्च, सकाळी ७.१०
कॉफीच्या बरणीत पुन्हा ओला चमचा! पावडरीचा दगड झाला आहे. साम्राज्यं परचक्राने बुडत नाहीत, ओल्या चमच्याने बुडतात. बायकोला तसं सुनावलं. म्हणाली, दगड फोडून घे आणि मलाही कर. पाचवा महिना आहे म्हणून गप्प बसलो. माझ्याइतका सोशीक माणूस शोधून सापडणार नाही.

दुपारी
ऑफिसात एक लेख वाचला. गरोदरपणात कॅफीन शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, नाळेतून बाळापर्यंत पोचतं, आणि रोज फार गेलं तर बाळाचं वजन कमी भरू शकतं. दिवसाला दोनशे मिलिग्रॅमच्या आत ठेवा, म्हणे. वजन कमी! आणि तेही वजनमापे निरीक्षकाच्या घरात! लेख लांबलचक होता. निम्म्यात मुद्दा कळला. पुढे नुसता पाल्हाळ असणार.

४ मार्च
खात्यातून तार, शिसं आणि पक्कड आणली. दुकानदारांच्या काट्यांना ठोकतो तसं बरणीला सील ठोकलं. बायको म्हणाली की डॉक्टरबाईंनी दीड कप चालेल असं सांगितलंय. मी म्हटलं, बाईंची डिग्री मान्य, पण मोजमाप हा माझा प्रांत. तर म्हणे, पोट माझंय, ते तुझ्या प्रांतात येत नाही. दार आपटून गेली.
मीही आजपासून कॉफी सोडली. कायमची.

५ मार्च
ऑफिसच्या मशीनमधून एक कप. मशीनची कॉफी ही कॉफी नव्हे, तो कोमट पाण्याचा गैरसमज आहे. मोजत नाही.

७ मार्च
नुसतं बंद करायला मी काही हुकूमशहा नाही. पर्याय दिले. दिवसाला ग्रीन टी पाच कप. सकाळ-संध्याकाळ कडक चहा. मळमळीवर कोलाचा एक कॅन. मूडसाठी डार्क चॉकलेट. सगळं रजिस्टरमध्ये, रोज तिची सही. पहिला कप तिने सिंकमध्ये ओतला. आता कप रिकामा होईपर्यंत समोर उभा राहतो.
सासूबाईंचा फोन. जावईबापू, चहात काय नुसता पाला असतो का, असा खवचट प्रश्न. सासूची साक्ष कुठल्याच कोर्टात ग्राह्य नसते. स्पीकर बंद केला.

१२ मार्च
बायकोला झोप नाही. छातीत धडधड, जळजळ. स्पष्टच आहे, कॉफीचं व्यसन उतरतंय. उतारा म्हणून सहावा ग्रीन टी वाढवला. मला जेलर म्हणाली. जेलरला पगार तरी असतो.

१५ मार्च
मशीनचे चार गैरसमज.

२२ मार्च
सोनोग्राफी. बाळाची वाढ चालू आहे, पण वजन अंदाजापेक्षा किंचित मागे. डॉक्टरबाई म्हणाल्या, याला दहा कारणं असतात, लगेच घाबरू नका. मी म्हटलं, कॅफीनचा प्रश्नच नाही, आणि रजिस्टर टेबलावर ठेवलं. कौतुकाची वाट पाहत होतो. बाईंनी पेन काढलं. सहा ग्रीन टी, दोन चहा, कोला, चॉकलेट. अंदाजे तीनशे पंचेचाळीस मिलिग्रॅम. पूर्वीची दीड कप कॉफी? सव्वाशेच्या आसपास.
हा आहार कुणी ठरवला, असं त्यांनी विचारलं. बायकोने माझ्याकडे बोट दाखवलं नाही. नुसतं बघितलं. बोट परवडलं असतं.
हे सगळं आजपासून बंद. दोन आठवड्यांनी पुन्हा वजन.
गाडीत बायको एवढंच म्हणाली की बाळाला काही झालं तर मी आईकडे जाईन, आणि तू मागे येऊ नकोस.

संध्याकाळी
लेखाचा उरलेला भाग वाचला. चहा, कोला, चॉकलेट, सगळं आहे. इतकी महत्त्वाची गोष्ट शेवटी कोण लिहितं? लेखकाला खरमरीत पत्र धाडणार.
बायकोने बरणीचं सील कात्रीने कापलं. सरकारी सील तोडणं गुन्हा आहे. तुकडे मीच गोळा केले. ती कॉफीही प्यायली नाही. भीती वाटते म्हणाली.

२९ मार्च
पत्र धाडलं नाही. आठवडाभर ती फक्त पाणी आणि दूध पितेय. बाळाने लाथ मारली की पूर्वी मला हाक मारायची. आता एकटीच पोटावर हात ठेवून बसते.

५ एप्रिल
वजन बरोबर भरलं. डॉक्टरबाई म्हणाल्या, कदाचित आधीही काही बिघडलं नव्हतं, मोजणीत थोडाफार फरक पडतोच. हे मला कुणी शिकवावं! बायकोने पहिला फोन आईला केला. मला आत नेलंच नव्हतं, मी पार्किंगमध्ये उभा होतो. गाडीत बसल्यावर मलाही सांगितलं, जणू मी शेजारपाजारचा कुणी आहे.

६ एप्रिल, सकाळी
महिन्यापूर्वी विचारायचा प्रश्न राहून गेला होता. आज विचारला. तुला काय हवंय?
म्हणाली, अर्धा कप कॉफी.
केली. टेबलावर ठेवली आणि बाहेर जाऊन बसलो.