पापडखाराचे बुडबुडे

रविवार, संध्याकाळ. अमडापूर

उद्या गुजरातेत नोकरीवर निघायचं, आणि आई अजून नीट बोलत नाही. एवढ्या दूर, तेही हायड्रोजनच्या कारखान्यात! तिला पटलेलंच नाही. आज पापड लाटायला शेजारच्या शांताकाकू आल्या होत्या. म्हणाल्या, "पाण्यातून गॅस काढाले इतक्या दूर काऊन जातं वं? आपल्या इहिरीत पाणी नाही काय?"

मी समजावत बसले. नुसत्या पाण्यातून वीज नीट जात नाही, म्हणून त्यात खार मिसळतात. मग वीज सोडली की पाणी फुटून हायड्रोजन सुटतो. बोलता बोलता पापडखाराच्या डब्याकडे लक्ष गेलं. आठवीत असताना याच डब्यातला खार चोरला होता. काचेचा ग्लास, टॉर्चचे सेल, पेन्सिलीची दोन शिसं. नुसत्या पाण्यात काहीच होईना. खार टाकला आणि शिसांवर बारीक बुडबुडे चढायला लागले. आई रागवायला आली होती, ती रागवायचं विसरून माझ्याशेजारी बसली. किती वेळ बघत होतो आम्ही दोघी? ते बुडबुडे तिला आठवत असतील का?

आत्ता बॅग भरताना ती आली.

"त्या ग्लासातला गॅस, तोच काय हा?"

"हाव."

"तिथं बी खारच टाकतात?"

"हाव. पण लय जहाल."

पापडांचा डबा बॅगेत ठेवत म्हणाली, "मंग हातमोजे घालत जाय. खारानं हात फाटतात."

म्हणजे जा म्हणाली. नाही का?