पाडलेली भिंत आणि जादा ठरलेली नर्स

प्रति,
मेहेरबान मोहतमीम साहेब,
नूरगंज खैराती दवाखाना, जालना.

विषय : बायकांच्या वॉर्डातील घोंगडीस भिंत समजून दुसरी नर्स कामावर घेण्याबाबत.
संदर्भ : आपल्या कचेरीचा तोंडी जबाब, "वॉर्ड एक, नर्स एक."

मेहेरबान साहेब,

अर्जदार त्रिंबक कारभारी तांगडे, राहणार कुंभार पिंपळगाव, हा म्हातारा असून त्याला वाचण्याचा नाद आहे, शहाणपणाचा दावा नाही. खाली लिहिले आहे त्यात त्याचीच समजूत चुकत असेल, असे त्याला लिहितानाही वाटते. परंतु त्याची पत्नी दुर्गाबाई हिच्या पोटावर आपल्याकडे शस्त्रक्रिया होऊन ती नवव्या खाटेवर पडून आहे, आणि आठव्या खाटेवर गोजरबाईंच्या पायातून पू वाहत आहे. म्हणून हा अर्ज.

१. पूर्वी या दोन खाटांच्या मध्ये भिंत होती. अलीकडे शस्त्रक्रियेच्या ताज्या जखमा, पलीकडे चिघळलेल्या. अलीकडे उषाबाई नर्स, पलीकडे झुंबरबाई नर्स. एकीचे हात दुसरीच्या रोग्याला लागत नसत. पुढे मोठे साहेब पाहणीला यायचे ठरले. दारात उभे राहून त्यांना साऱ्या खाटा एका नजरेत दिसाव्यात म्हणून कचेरीने भिंत पाडली. मोठे साहेब आले, दारात उभे राहिले, ती एक नजर टाकली आणि चहाला गेले.

२. दोन वॉर्डांचा एक वॉर्ड झाला, आणि एका वॉर्डाला एकच नर्स हा कायदा असल्याने झुंबरबाई जादा ठरल्या. रोगी तेवढेच, पू तेवढाच. जादा झाली ती नर्स. वरून हुकूम येईपर्यंत त्यांना व्हरांड्यात स्टुलावर बसवले आहे. जादा माणसाने रोग्याला हात लावायचा नाही, म्हणून त्या स्वच्छ हात मांडीवर ठेवून दिवसभर बसतात. आत एकट्या उषाबाई पू पुसून उठतात तोच दुसऱ्या टोकाहून हाक येते. मध्ये हात धुवावेत, चिमटे उकळावेत, एवढीही सवड त्यांना उरत नाही. अशा धावपळीत ताज्या जखमांच्या दोन बायका तापाने फणफणल्या व त्यांच्या टाक्यांतून पू आला. कचेरीने शोध लावला की तो घरच्या भाकरीमुळे आला. भाकरी पोटातून टाक्यापर्यंत कोणत्या वाटेने जाते, हे अर्जदाराने पुष्कळ धुंडाळले. सापडले नाही. त्याच्याकडची पुस्तके जुनी असावीत.

३. गोजरबाई धनगराच्या. त्यांनी आपण होऊन उषाबाईंना सांगितले, "आधी त्या बाईची पट्टी कर. माझी मागून." परंतु पट्ट्या खाटांच्या नंबराप्रमाणेच व्हाव्यात असा आपला हुकूम आहे, आणि आठानंतर नऊ येतो याला इलाज नाही. तेव्हा त्यांनी आपली घोंगडी दोरीवर टाकून मधोमध आडोसा केला. आता वॉर्ड दोन झाले, झुंबरबाईंना आत यायला कायदा मोकळा झाला, असा त्यांचा हिशेब. झुंबरबाई उंबऱ्यापर्यंत आल्याही. तेवढ्यात कारकुनाने दवाखान्याची शोभा जाते म्हणून घोंगडी ओढून काढली. गोजरबाई म्हणाल्या, "भीत तुम्ही पाडली, मंग माह्या घोंगडीनं काय गुन्हा केला?" कारकून घोंगडी काखेत मारून घेऊन गेला. अर्जदार तिथेच उभा होता. त्याला वेळेवर शब्द सुचत नाहीत.

४. काल संध्याकाळपासून दुर्गाबाईचे अंग कढत लागत आहे. उषाबाई म्हणतात, टाके अजून कोरडे आहेत, पण यापुढे पट्टी स्वच्छ हातांनीच झाली पाहिजे. असे हात दाराबाहेर स्टुलावर आहेत.

तरी घोंगडीस भिंतीचा दर्जा देऊन झुंबरबाईंना आजच आत घ्यावे. घोंगडी काळी म्हणून शोभेला बाधा येत असेल, तर खुद्द अर्जदारास भिंत समजावे. तो दोन खाटांच्या मध्ये सकाळ-संध्याकाळ उभा राहील. भिंतीस लागते तेवढी अक्कल त्याच्यापाशी आहे. मोठे साहेब पुन्हा आल्यास त्यांची नजर अडू नये म्हणून तो खाली बसेल. झुंबरबाईंना मात्र त्या वेळी हातातल्या पट्टीवरून उठवू नये.

आपल्या हुकुमाकडे डोळे लावून असलेला,
त्रिंबक कारभारी तांगडे
ता. १२ इस्फंदार, १३५३ फसली