पान एकशे बारावरची चूक

प्रिय धाकट्या,

तुझ्या पुस्तकाची प्रुफं वाचून झाली, पण पोस्टाने पाठवणार नाही. सोमवारी स्वतः येऊन ने. तुला वेळ नसतो हे मला तोंडपाठ आहे, तरी ये.

पुस्तक चांगलं आहे. राज्यशास्त्रातलं मला काय कळतंय म्हणा, तीस वर्षं छापखान्यात काना-मात्रा तपासणारी बाई मी. चौथं प्रकरण बाबांच्या खाटेशी बसून वाचलं. तुझा नागरिक फार ऐटबाज आहे रे! धडधाकट उठतो, चारचौघांत बसून करार करतो, राज्य उभं करतो. त्याला लहानपणी आंघोळ कोणी घातली, ताप आला तेव्हा उशाशी कोण बसलं, याचा पत्ताच नाही. जणू आकाशातून पडला, तोही दाढीबिढी करून. मध्येच बाबांना कुशीवर वळवायची वेळ झाली, म्हणून पान उलटं ठेवून उठले. दर दोन तासांनी वळवावं लागतं, नाहीतर पाठीला जखमा होतात. फोनवर तू दर वेळी विचारतोस, दिवसभर करतेस तरी काय. राग येतो मला. हे करते.

आता चूक सांगते. पान एकशे बारा. तू लिहिलंस, ‘स्वावलंबी नागरिक हाच राज्याचा पाया.’ अक्षरजुळणी करणाऱ्याने करून ठेवलंय ‘परावलंबी’. पेन टेकवलं, आणि उचललं. आपण सगळेच आधी कोणाच्या तरी कडेवर असतो, शेवटी कोणाच्या तरी जिवावर. मधली चार वर्षं काय ती ऐट. हे ज्या राज्याला ठाऊकच नाही, ते बाबांचा काय विचार करणार, आणि माझा तरी काय? आयुष्यात पहिल्यांदा दिसलेली चूक तशीच सोडली आहे. दुरुस्त करायची तर कर, पण इथे बसून, बाबांना दोनदा वळवून झाल्यावर.

खरं कारण आता लिहिते. माझ्या पोटात गाठ निघाली आहे. बुधवारी ऑपरेशन. पुढे सहा आठवडे काही उचलायचं नाही, आणि बाबा बासष्ट किलोंचे आहेत. शेजारीण सकाळी तासभर येईल, बाकीचा दिवस तुझा. महिनाभर तुला सांगितलं नाही, कारण तू काहीतरी सबब सांगशील आणि मग आपलं नातंच संपेल, असं वाटायचं. सोमवार-मंगळवार मी सगळं शिकवीन. मला भीती वाटतेय रे. ये.

तुझीच,
ताई