योगिनीच्या जर्नलची डावी पानं

६ नोव्हेंबर, गुरुवार. सकाळ, सापगाव

रोजनिशीसाठी नवीन वही घेतली नाही. गरजच नाही. योगिनीचं केमिस्ट्रीचं जर्नल आहे. उजव्या पानांवर तिचे प्रयोग, निळ्या शाईत, कुठे खाडाखोड नाही. डावी पानं आकृत्यांसाठी असतात, पण टायट्रेशनला कसली आकृती? म्हणजे ही पानं तिने कोणासाठी कोरी सोडली ते उघड आहे. उजवीकडे ती, डावीकडे मी. लग्नात बसवतात तसे.

दोन वर्षांपूर्वी तिने हे स्वतःच्या हाताने मला दिलं. मुलगी आपलं जर्नल कोणालाही देत नाही. दुसऱ्या दिवशी प्रॅक्टिकलला सरांनी माझं जर्नल उघडून विचारलं, हे कोणाचं उतरवलंस रे? आपलं डोकं सटकलं. बॅग उचलली आणि बाहेर. परत पाय ठेवला नाही. लोक म्हणतात, भाविकने एस.वाय.ला कॉलेज सोडलं. कॉलेजला भाविक झेपला नाही.

आज फॅमिली हॉलिडे. बाबा गेल्या महिन्यात कंपनीतून रिटायर झाले. त्यांना शिर्डीला जायचं होतं. मी तीन दिवस जेवलो नाही (बाहेर वडापाव खाल्ले), तेव्हा मुरबाडच्या पुढे गोरखगडाच्या पायथ्याचं हेरिटेज कॉटेज ठरलं. तिथली मॅनेजर कोण ते आई-बाबांना माहीत नाही. बहीण रुपालीकडून बातमी अशी की डिसेंबरात योगिनीला बघायला कल्याणचे येणार. म्हणजे वेळ नाही. रविवारी कॉटेजवाले सगळ्यांना गडावर नेतात. तिथे जर्नल काढून दाखवायचं. ती हो म्हणेल. विषय संपला.

तोपर्यंत दोन गोष्टी. एक, राग नाही. दोन, मी गेस्ट आहे. चार दिवस कशालाही हात लावणार नाही.

त्याच दिवशी, संध्याकाळी ६

शी.

हेरिटेज म्हणजे काय? दगडी भिंती, कौलं, शेणाने सारवलेली ओटी. हे सगळं आमच्याकडे होतं. पाडलं आणि स्लॅब टाकला, तेव्हा कुठे गावात मान वर झाली. इथे दारात बोर्ड: इंग्रज इंजिनिअरने राहण्यासाठी बांधलेला बंगला. राहील नाहीतर काय करील, लोकल नव्हती त्याच्या वेळी.

आत भिंतीवर सूप, रवळी, कंदील टांगलेत. कोपऱ्यात जातं, त्यावर फुलदाणी. आई मोठ्याने ओरडली, गो रुपाले, हे तर आपण भंगारवाल्याला दिलं! मुलुंडहून आलेल्या एक माधुरी मॅडम तिथेच सेल्फी काढत होत्या. मी त्या बाईला ओळखत नाही असा चेहरा केला. त्या बाईला म्हणजे आईला.

बाबा नांगरापुढे पंधरा मिनिटं उभे. म्हणे, उलटा टांगलाय. केअरटेकर महादू म्हणाला, राहू दे ना दादा, पावण्यांना काय समजतंय. बाबांनी स्टूल मागवलं, नांगर काढला, सुलटा टांगला. गेस्टने असं करायचं नसतं.

योगिनी रजिस्टर घेऊन आली. माझ्याकडे बघून थांबली. म्हणाली, तुम्हाला कुठेतरी पाहिलंय. मी फक्त हसलो. तेव्हा दाढी नव्हती मला. काय करता, असं विचारलं. बिझनेस, म्हणालो. कसला? म्हटलं, प्लॅनिंग स्टेजला आहे.

दोन वर्षांनी पाहिलं तरी चेहरा लक्षात. याला काय म्हणायचं ते जगाने ठरवावं.

७ नोव्हेंबर, शुक्रवार. दुपार

किळस आली आहे.

आई पहाटेच उठून ओटी सारवत होती. म्हणे, कालचं सारवण हाय का काय, कोंबडी नाचून गेल्यागत. माधुरी मॅडमनी व्हिडिओ काढला आणि विचारलं, मावशी, याचं वर्कशॉप किती वाजता असतं? आई म्हणाली, बसा इथं, दावते. मॅडम बसल्या. नेलपॉलिशसकट शेणात हात. वर म्हणतात, किती थेराप्युटिक!

नाश्त्याला भाकरी आली. आईने ती उजेडात धरली, ताटात ठेवली आणि सरळ किचनमध्ये गेली. दुपारी सगळ्या कॉटेजला आईच्या भाकऱ्या. मी तीन खाल्ल्या, पण निषेध म्हणून काही बोललो नाही.

बाबा गायब. शोधलं तर खाली महादूच्या शेतात, विळा हातात. गरवं भात, उशिरा पिकणारं, अजून उभं, दाणा गळायला लागलेला. मी म्हटलं, बाबा, आपण सुट्टीवर आहोत. म्हणाले, मला सुट्टी हाय रे, भाताला नाय. आमची स्वतःची जमीन दुसऱ्याला कसायला दिली, कारण मी स्पष्ट सांगितलं होतं की चिखलात माझं फ्युचर नाही. आणि हे परक्याच्या शेतात शिट्ट्या मारत कापतायत! घरी मी त्यांना शिट्टी वाजवताना कधी ऐकलं नाही.

योगिनी शेतात चहा घेऊन आली. बाबांसाठी. दोघं खूप हसत होते. सासऱ्याशी आत्तापासून जमलेलं बरं.

माझ्या वाट्याला चहा नाही आला. गेस्टला रूमवर मिळतो.

८ नोव्हेंबर, शनिवार. संध्याकाळ

शेताकडे गेलो ते फक्त उभं राहायला. योगिनी बांधावर होती. सहज म्हणाली, तुम्हाला येतं का कापायला, का बाबाच? एवढं ऐकल्यावर कोण गेस्ट राहील? विळा हिसकावला. दोन वाफे कापले. बोट कापलं. योगिनीने फर्स्ट एडचा डबा पाठवला. महादूच्या हाती. त्याने पट्टी अशी बांधली की बोट आहे की कणीस कळत नाही.

एवढ्यात माधुरी मॅडम: भैया, जरा इधर देखो, पसीना मत पोंछो. मी मराठीत सांगितलं, मी इथला नाही, मी गेस्ट आहे, केमिस्ट्री केलंय. मॅडम म्हणाल्या, अय्या, एज्युकेटेड फार्मर! रुपाली हसून हसून पेंढ्यांवर आडवी झाली. तो फोटो आता कॉटेजच्या पेजवर आहे. खाली लिहिलंय, आमचा स्थानिक शेतकरी. टाकला योगिनीने.

डोक्यात सणक गेली. मोबाईल आपटणार होतो. मग ‘आमचा’ हा शब्द पुन्हा वाचला. शांत झालो.

उद्या गड. पांढरे शूज पुसून ठेवलेत. वाक्य पाठ केलंय: हे ओळखलंस? बस. कमी बोलणाऱ्यांचं वजन पडतं.

९ नोव्हेंबर, रविवार. दुपारी ३

(जर्नल माझ्याकडे नाही. कॉटेजच्या नियमांच्या कागदामागे लिहितोय.)

सविस्तर लिहितो, म्हणजे चूक माझी नव्हती हे नंतरही लक्षात राहील.

चढ घाणेरडा. जंगलवाटेवरच शूज मातीचे झाले. खडकातल्या पायऱ्यांना मी पायांबरोबर हातही वापरले. बाबा चपलेवर पुढे, मुलुंडकरांची बॅग खांद्यावर. आईने खालूनच सांगितलेलं, मी नाय येत गो, चूल सोडून कुठं जाऊ. चूल! हिची चूल!

वर सगळे पोहे खायला बसले. योगिनी कड्याच्या बाजूला पाणी पीत उभी होती. मी गेलो. जर्नल काढलं. म्हणालो, हे ओळखलंस?

तिने कव्हर पाहिलं. स्वतःचं नाव, रोल नंबर. मग मला पाहिलं. माझ्या दाढीवर आडवा हात धरून फक्त डोळे पाहिले. आणि तिच्यातली मॅनेजर गेली, तिचं गाव किन्हवली बाहेर आलं.

म्हणाली, तू? तो मेला तू? एका रातीसाठी दिलेलं रे मी! दुसऱ्या दिवशी सबमिशनला मी काय दाखवायचं, माझं थोबाड? केटी लागली मला. बाबा म्हणाले, बास झालं शिक्षण, बस घरी. मामाने येऊन चार दिवस समजावलं तेव्हा परत पाठवलं. दोन वर्षं तुला शिव्या देतेय, आणि नाव पण माहीत नव्हतं!

मी म्हणालो, पण एक पान फाटू दिलं नाही.

हे ऐकून तिने जर्नल माझ्या हातातून घेतलं. परिणाम झाला असं वाटलं. तिने ते उघडलं. तेव्हा आठवलं. चार दिवस कव्हरचाच विचार करत होतो, आतलं ध्यानात राहिलं नाही. म्हणालो, डावी बाजू वाचू नको.

हे सांगायला नको होतं.

तिने उभ्याने सगळं वाचलं. लोकांचे पोहे संपले. बाबांनी विचारलं, काय वाचतेय गो पोरी? म्हणाली, अभ्यास, काका. जर्नल स्वतःच्या बॅगेत टाकलं आणि सगळ्यांना घेऊन उतरली. मी शेवटी उतरलो, बराचसा बसून.

मात्र नोंद करण्यासारखी गोष्ट: वाचताना ती दोनदा हसली.

१० नोव्हेंबर, सोमवार. सकाळी १०

जर्नल नाश्त्याच्या ट्रेमध्ये परत आलं, भाकरीखाली. सोबत निरोप: उजवी पानं आता माझ्या कामाची नाहीत, मी पास झाले.

डाव्या पानांवर लाल पेन. सरांसारखं. ‘मी गेस्ट आहे’ याच्याखाली रेघ आणि प्रश्नचिन्ह. ‘केमिस्ट्री केलंय’ याच्यापुढे: अर्धवट. ‘सासऱ्याशी’ हा शब्द पूर्ण खोडला, पेन कागदाच्या पलीकडे गेलंय. ‘दोन वाफे कापले’ याच्यापुढे: खोटं. दीड. शेवटच्या पानावर प्रयोग लिहितात तसं ओळीने लिहिलंय:

एम: स्पष्ट. अ‍ॅपरेटस: जुनं, चोरीचं. प्रोसिजर: बाबांनी केली. रिझल्ट: नाही. कल्याणवाल्यांना मी स्वतःच नकार कळवलाय. तुझ्यासाठी नव्हे.

‘तुझ्यासाठी नव्हे’ खाली दोन रेघा. एका रेघेने भागलं असतं. दोन का मारल्या, यावर विचार करण्यासारखं आहे. पण इथे नाही. असल्या जागेत स्वाभिमानी माणूस एक मिनिट थांबणार नाही. साडेअकराच्या एसटीने निघतोय. एकटा. आई, बाबा, रुपाली कापणी होईपर्यंत राहणार. बाबा म्हणाले, जा बाबा तू, आमाला आत्ता कुठं सुट्टी लागली.

१०.४०

बॅग घेऊन निघताना व्हिजिटर्स बुक दिसलं. माधुरी मॅडम काल जाताना लिहून गेल्यात: जागा सुंदर. स्टाफ फारच प्रेमळ, विशेषतः ते वयस्कर जोडपं. तरुण शेतकरी मात्र थोडा आळशी वाटला.

खाली योगिनीची लाल टिक.

आळशी! दीड! माझ्या हातांनी कापलेले वाफे मला माहीत नाहीत? बॅग बांधावर ठेवली. महादूकडून विळा घेतला. तो म्हणाला, भाऊ, तुझी गाडी? म्हटलं, अर्धा वाफा राहिलाय, दहा मिनिटांचं काम.

११.५०

एसटी गेली. हॉर्न ऐकू आला. वाफ्याचा एक कोपरा बाकी आहे. दुसरं बोटपण गेलं.

योगिनीने ओटीवरून ओरडून विचारलं, झाले का रे दोन?

म्हटलं, झाले.

म्हणाली, मला इथून दिसतंय.