फाटकापाशी काय ऐकू आले

रविवार, १२ फेब्रुवारी १९९५

पुन्हा चुकीचे! आजच्या चित्रपटात नायकाने सहा गोळ्यांच्या रिव्हॉल्व्हरमधून अकरा झाडल्या. भाचा पराग हसला — "मामा, पिक्चर बघताय की ऑडिट करताय?"

गोळ्यांचे सोडा. आवाज चुकीचा आहे. खरी गोळी गडगडत नाही, घुमत नाही. लाकडी फळी फरशीवर सपाट पडावी, तेवढेच. हाटकेश औद्योगिक वसाहतीतल्या आपल्या कारखान्यासाठी खंडणी दिली नाही म्हणून आमच्या शेजारच्या गुणवंतरावांना सोसायटीच्या फाटकापाशी मारले, तेव्हा मी चार हात अंतरावर उभा होतो. मला वाटले, कुणी फळी पाडली.

आणि माणूस मागे उडत नाही. गुणवंतराव खाली बसले — चप्पल शोधायला बसावे तसे. हातातली दुधाची पिशवी त्यांनी आधी जपून बाजूला ठेवली. मग भिंतीला टेकले. संपले. एक शब्द नाही.

मंगळवार, १४ फेब्रुवारी

गुणवंतरावांच्या आशावहिनी पुन्हा आल्या. नवऱ्याला जाऊन तीन महिने झाले, प्रश्न तोच. "भाऊ, खरं सांगा. हे काहीच बोलले नाहीत?"

नाही, म्हणालो.

"असं कसं? जाताना माणूस काहीतरी बोलतोच ना!"

हे त्यांनी पडद्यावर पाहिलेले. तिथे छातीत गोळ्या घेतलेला माणूस आईची क्षमा मागतो, बहिणीला मित्राच्या हाती सोपवतो, मगच मान टाकतो!

दाराशी वळून हळूच म्हणाल्या, "माझ्याबद्दल वाईट बोलले म्हणून लपवताय का? सकाळी आमचं भांडण झालं होतं. दूध आणायला मीच हाकललं त्यांना खाली."



बुधवार, १५ फेब्रुवारी

सौ. म्हणाली, "अहो, सांगून टाका ना काहीतरी चांगलं. तुमचं काय जातंय?"

जाते! त्या माणसाचा शेवट जसा झाला तसा केवळ माझ्यापाशी आहे. त्यात मी खाडाखोड कशी करू?

शुक्रवार, २४ फेब्रुवारी

वहिनींनी जेवण जवळजवळ सोडले आहे, असे सौ. सांगते. फाटकातून जाताना मी अजून पिशवीच्या जागेला वळसा घालतो.

रविवार, ५ मार्च

वहिनींना सांगितले. "त्यांनी तुमचं नाव घेतलं."

वहिनी पुढे सरकल्या. मग — "नाव? आशा म्हणाले?"

"हो. आशा, म्हणाले."

बोलून गेलो आणि लक्षात आले. गुणवंतरावांनी बायकोला कधी नावाने हाक मारली? 'अगं', नाहीतर 'रुचिताची आई'. मी तरी सौ.ला कुठे नावाने हाक मारतो? मरताना नाव घेतो तो पडद्यावरचा नायक! खोटे बोलायची वेळ आली तेव्हा मीही तिथलाच संवाद उचलला होता. आता पकडला जाणार.

वहिनी रडता रडता हसू लागल्या. "लग्न झाल्यापासून एकदाही नाही हो घेतलं! मी चिडवायचे — घ्या की, जीभ झडणार नाही. शेवटी घेतलं मेल्यानं!"



बुधवार, ८ मार्च

वहिनी जेवू लागल्या. भांडी घासायला येणाऱ्या शेवंतीबाईंना जिन्यात थांबवून सांगत होत्या — "नाव घेतलं त्यांनी माझं." मला पाहून म्हणाल्या, "विचार यांना!"

मी मान डोलावली.

रविवार, १९ मार्च

चित्रपटात गोळी सुटली — ठो! आवाज चुकीचा वाटला नाही. ताडून पाहावे म्हणून डोळे मिटून आमचे फाटक आठवले. फळी पडलीच नाही. तिथेही ठो! — घुमत गेलेला. गुणवंतरावांच्या हातून पिशवी सुटते, दूध पसरते, ते माझ्याकडे पाहतात, आणि स्पष्ट म्हणतात — "आशा."