बगळा छाप कौले आणि माझा उजवा अंगठा

मी, ऐतप्पा कोरगप्पा बंगेरा, वय वर्षे एकोणऐंशी, राहणार बोळार, मंगळूर, पूर्वीचा धंदा कौले दाबणे, कायमचा धंदा भाषण, आज हे मृत्युपत्र कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवतो. माझी बुद्धी शाबूत आहे. पत्नी वारिजा हिचे याबाबत वेगळे मत आहे. ते ती स्वतः सांगेल, तिला कागद लागत नाही. मागच्या सोमवारी डॉक्टरांनी माझी छाती तपासून "बोलणं कमी करा" असे बजावले, म्हणून लिहितो आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. यापूर्वी केलेली भाषणे मात्र सर्व कायम समजावीत.

कलम १. राहते घर, परसातले दोन माड आणि विहीर वारिजाला. तिच्यानंतर मुलगा जयकर याला. मात्र माझ्या निवृत्तिवेतनाच्या दाव्याचा शेवटचा निकाल लागेपर्यंत घराच्या छपराला कोणी हात लावायचा नाही. जयकरला वर सिमेंटचा स्लॅब हवा आहे.

"अप्पा, तीन ठिकाणी गळतंय. अंथरूण कुठं घालायचं तेवढं सांगा."

"चौथ्या ठिकाणी घाल. ते छप्पर नाही, तो पुरावा आहे."

"पुरावा माझ्या डोक्यावर ठिबकतोय!"

ठिबकू दे. पुराव्याखाली झोपायचे भाग्य सगळ्यांना मिळत नाही.

कलम २. माझी चारशे बारा पुस्तके बोळारच्या कामगार वाचनालयाला. त्यात इतिहास आहे, अर्थशास्त्र आहे, तुरुंगातून लिहिलेली पत्रे आहेत आणि कोंबडीपालनावरचे एक पुस्तक आहे. ते मी दोनदा वाचले, कारण संपाच्या दिवसांत दुसरे काही हाताशी नव्हते. समासात मी लिहिलेले आक्षेप कोणी खोडू नयेत. लेखकांनी उत्तरे दिली नाहीत, यावरून काय ते समजावे.

कलम ३. सभेचा पत्र्याचा कर्णा मोनुब्बा याला. हा भट्टीवरचा माझा जोडीदार. तीस वर्षे व्यासपीठावर तो माझ्या उजव्या हाताला बसला आणि त्याचा डावा कान त्या कर्ण्याखालीच गेला. कानाच्या बदल्यात कर्णा, हा न्याय पुरेसा नाही, पण दुसरा कान माझ्याजवळ देण्यासारखा नाही.

कलम ४. माझी सर्वांत मोठी मालमत्ता म्हणजे माझा दावा. तो मी वारिजाला देतो, आणि तो चालवणाऱ्या वकीलबाई हिल्डा रेबेलो यांनाच या मृत्युपत्राची अंमलबजावणी सोपवतो.

वकीलबाईंना मी कसे नेमले ते लिहिले पाहिजे, कारण बोळारमध्ये याच्या चार वेगवेगळ्या कथा फिरत आहेत. बगळा छाप कौलांच्या कारखान्यात मी एकतीस वर्षे कौले दाबली. निवृत्तिवेतनाला दहा वर्षांची नोकरी लागते. कारखाना म्हणाला, याची नोकरी सहाच वर्षांची, बाकीचे हजेरीपट वाळवीने खाल्ले. वाळवी मोठी हुशार! मॅनेजरांचे हजेरीपट तिने हुंगूनही पाहिले नाहीत.

मी हिल्डाबाईंच्या कचेरीत गेलो. त्यांनी टेबलावर गजराचे घड्याळ ठेवले.

"ऐतण्णा, पंधरा मिनिटं. मुद्दा सांगा."

मी वाफेच्या यंत्राच्या शोधापासून सुरुवात केली. गजर झाला तेव्हा मी नुकताच भारतात पोहोचलो होतो.

"तुम्ही जत्रेच्या मैदानावर वकिलांना न्यायाच्या अंगावरची गोचीड म्हणाला होतात," त्या म्हणाल्या. "मी आठ वर्षांची होते. पुढच्याच रांगेत बसले होते."

"तुमचे वडील वकील होते?"

"नाही, वकिलाकडं टायपिस्ट होते. रात्री जेवले नाहीत. म्हणाले, मग मी गोचिडीचा कोण?"

मी माफी मागितली. आयुष्यातली पहिली. त्यांनी वकीलपत्र पुढे केले आणि फीच्या आधी अट सांगितली: "कोर्टात तोंड उघडायचं नाही. एक शब्दही नाही." मी सही केली. माझी सही लांबलचक आहे. ती होईपर्यंत त्यांनी चहा संपवला.

"पगाराची चिठ्ठी? ओळखपत्र? काही तरी कागद?"

"वाळवी."

"मग माझ्या हातात काय देता?"

मी वर बोट केले. त्यांच्या कचेरीचे छप्पर बगळा छापच होते.

आमच्या कारखान्यात दर दसऱ्याला नवा साचा यायचा आणि साच्यात सालाचे आकडे असायचे. कौल ओले असताना दाबणाऱ्याने पाठीमागे, बगळ्याच्या शेपटीखाली, उजवा अंगठा दाबायचा. संध्याकाळी कोणाची किती कौले, ते अंगठ्यांवरून ठरायचे. कागद वाळवी खाते. भाजलेली माती तिच्याही बापाला पचत नाही. हिल्डाबाई खुर्चीवर चढल्या, एक कौल सरकवले आणि भिंग लावून पाहिले. मग खाली न उतरताच म्हणाल्या, "फी निकालानंतर."

पुढचे सहा महिने आम्ही दोघांनी लोकांची छपरे उतरवली. चर्च, मशीद, ताडीचे दुकान, माझ्या सासऱ्याचा गोठा. कारखान्याने मानलेली सहा वर्षे धरून नऊ वर्षांची नऊ कौले मिळाली. दहावे साल कुठेच सापडेना. शेवटी वारिजाला आठवले. ओली कौले डोक्यावरून वाळवणीच्या मांडवात नेण्याचे काम तिने चौदा वर्षे केले. तिचे नाव तर कोणत्या हजेरीपटावर कधी चढलेच नाही, वाळवीलाही खायला मिळाले नाही. ती म्हणाली, "त्या वर्षीचा सगळा माल कोर्टाच्या नव्या छपराला गेला होता ना?"

हिल्डाबाईंनी अर्ज केला की न्यायालयाने स्वतःच्याच डोक्यावरचे कौल पुराव्यात घ्यावे. शिपाई शिडीवर चढला. नेमके न्यायाधीशांच्या खुर्चीवरचे कौल निघाले, आणि त्यानंतर ते महिनाभर छत्री उघडून काम चालवत होते. साल बरोबर, अंगठा बरोबर.

कारखान्याचे वकील उठले. "महाराज, हा अंगठा या गृहस्थांच्या अंगठ्यापेक्षा लहान आहे. हा एखाद्या पोराचा आहे!"

हिल्डाबाई शांतपणे म्हणाल्या, "म्हणजे कारखान्यात पोरं कामाला होती, असं माझे विद्वान मित्र नोंदवू इच्छितात का?"

वकील बसले. मग हिल्डाबाईंनी ओले कौल भट्टीत आकसते, आणि त्यावरचा अंगठाही, हे मोनुब्बाच्या साक्षीने सिद्ध केले. मोनुब्बाने प्रत्येक प्रश्नाला "काय?" विचारून साक्ष दोन दिवस चालवली.

कलम ५. येथे माझी चूक लिहितो. वक्त्याने आपली चूक स्वतः सांगावी, नाही तर ती इतर लोक वाईट भाषेत सांगतात.

न्यायाधीश म्हणाले, "ठीक आहे. बंगेरांचा अंगठा घ्या, कौलाशी ताडून पाहू." एवढेच उरले होते.

वयाच्या तेविसाव्या वर्षी मी रजेचा अर्ज समजून एका कागदावर अंगठा उठवला होता. तो राजीनामा निघाला. दुसऱ्या दिवशी त्यांनी मला नवा कामगार म्हणून परत घेतले. त्या दिवशी मी शपथ घेतली: मातीवर अंगठा, कागदावर कधीच नाही. दोन वर्षांत वाचायला शिकलो, रात्रशाळा काढली, सहाशे कामगारांना सही शिकवली. पहिली विद्यार्थिनी वारिजा.

म्हणून मी उठलो. हिल्डाबाईंनी माझा सदरा ओढला. शिवण उसवली, मी थांबलो नाही. चाळीस मिनिटे बोललो. अक्षरओळखीचा इतिहास सांगितला, दहा कौले हाच माझा अंगठा आहे असे सांगितले, आणि सही घ्या, अंगठा मिळणार नाही, असे ठणकावले. मागच्या बाकावर टाळ्या पडल्या. न्यायाधीशांनी पुढची तारीख दिली.

परतीच्या बसमध्ये वारिजाने पुलापर्यंत माझ्या सदऱ्याची उसवलेली शिवण टाचली. मग म्हणाली, "भाषण छान झालं. म्हातारपणी मी ते शिजवू कसं?"

"वारिजा, हा तत्त्वाचा प्रश्न आहे."

"रेशनच्या यंत्राला अंगठा लागतो म्हणून तुम्ही चार वर्षं दुकानात पाऊल टाकलं नाही. मी दर महिन्याला जाऊन अंगठा लावते आणि तांदूळ आणते. तुमच्या शाळेत पहिली आले होते मी. अंगठा लावला म्हणून मी काय अडाणी झाले? आणि तो भात तुम्ही तत्त्वासकट दोनदा वाढून घेता!"

पुढच्याच थांब्यावर मी उतरलो, हिल्डाबाईंच्या कचेरीत परत गेलो आणि अंगठा देतो म्हणालो.

दुसऱ्या दिवशी हिल्डाबाईंनी अर्ज दिला की अंगठा द्यायला तयार आहोत. पण तोवर कारखान्याला वाट सापडली होती. त्यांचा तज्ज्ञ आजारी, मग तज्ज्ञाची सासू आजारी, मग तज्ज्ञ बदलला. सात तारखा गेल्या. पुढची जूनमध्ये आहे. माझा अंगठा जळून गेला की दावा कशाशी ताडणार? निकालापेक्षा माझ्या चितेची वाट पाहणे त्यांना स्वस्त पडते. आणि दावा गेला, तर माझ्यामागे वारिजाला मिळायचे वेतनही गेले.

कलम ६. वैरे. मॅनेजर नरसिंगराय यांच्यावरचा माझा राग जयकरला देणार होतो, पण तो सांभाळणार नाही, गंजवून टाकील. म्हणून तो माझ्याबरोबर न्यावा. कारखान्याच्या वकिलांना एक बगळा छाप कौल भेट पाठवावे, सालासकट. आणि माझ्या शोकसभेत कोणीही पाच मिनिटांहून जास्त बोलू नये. माझ्याहून लांब कोणी बोलले, तर मला सहन होणार नाही.

कलम ७. उपनिबंधक कार्यालयात काल चौकशी केली. कारकून म्हणाला, "आजोबा, सही येते ना?"

"कानडीत येते, इंग्रजीत येते, रागातही येते."

"मग अंगठा कशाला? बरं, पुरुषांचा डावा घेतो आम्ही."

"डावा हवा तर घ्या. उजवा घेतल्याशिवाय मी हलणार नाही."

ही युक्ती हिल्डाबाईंची. या मृत्युपत्रावर मी सही करणार नाही. सरकारी अधिकाऱ्यासमोर, दोन साक्षीदारांसमोर, सहाशे माणसांना सही शिकवणारा मी, उजवा अंगठा उठवतो. मी गेल्यावर कोणत्याही न्यायालयाने तो या कागदावरून घ्यावा, दहा कौलांशी ताडावा आणि वारिजाचे वेतन तिला द्यावे. माझी शपथ मी मोडतो. ती मोडल्याचा अपमान कारखान्याकडे जमा, माझ्याकडे नाही.

ज्याला काही मिळते त्याने साक्ष देऊ नये, असे वकीलबाई म्हणतात. म्हणून वारिजाची साक्ष नाही. एरवी माझ्या सगळ्याची साक्षीदार तीच आहे. मोनुब्बाही कर्ण्यामुळे बाद. तो खूश आहे. कागद वाचून दाखवलेला त्याला ऐकू आला नसता.

ठिकाण: मंगळूर. दिनांक: १२ फेब्रुवारी २०१९.

उजवा अंगठा: ऐतप्पा कोरगप्पा बंगेरा
डावा अंगठा (कार्यालयाच्या समाधानासाठी): तोच

साक्षीदार:
१. जूलियाना मोंतेरो, निवृत्त मुख्याध्यापिका, बोळार
२. दूमप्पा सालियान, ताडीचे दुकान, बोळार (ज्याचे छप्पर उतरवले तो)

आम्ही दोघे लिहून देतो की वरील अंगठे आमच्यासमोर उठवले. उजव्या अंगठ्याला शाई वारिजाक्कांनी लावली आणि नंतर पदराने पुसली. या सबंध वेळात ऐतप्पा बंगेरा एक शब्दही बोलले नाहीत. यावर पुढे कोणी विश्वास ठेवणार नाही, म्हणून मुद्दाम नोंदवले आहे.