पंधरा मीटरवर विनू

रवि. २ जाने. २०००
विनू ऐकला.
दुपारी जेवणं झाल्यावर हॅम रेडिओ लावून बसले होते. एरियल म्हणजे पडद्याच्या दांडीवरून फिरवलेली तार, काही फार येत नाही. पंधरा मीटरच्या बँडवर कुणीतरी मोर्समध्ये सीक्यू देत होतं, म्हणजे कुणीही या, बोला. स्टेशनचा नंबर यायच्या आधीच हात ओळखला. क्यूमधला शेवटचा डा, म्हणजे लांब सूर, तो आणखी लांबवतो. बाबा त्यासाठी बोटांवर पट्टी मारायचे, मला नाही, त्यालाच. तरी गेली नाही सवय. मग नंबर आला. टांझानियाचा.
साडेआठ वर्षं झाली भावाशी बोलून. मी चार पत्रं टाकली, एकाचंही उत्तर नाही.
अख्खा युरोप त्याला बोलावत होता. मी मोर्सच्या कीला हातसुद्धा लावला नाही.
अरविंदला म्हटलं, "विनू होता."
"फोन आला?"
"नाही. बँडवर."
त्याने पेपर खाली ठेवला. "मग? बोललीस?"
चहा ठेवायला उठले.

सोम. ३ जाने.
लॅबमध्ये लक्ष नव्हतं. टी.वाय.च्या पोरींना प्रिझमऐवजी भिंगं काढून दिली.
दांडीवरच्या तारेने तिथवर पोचणं शक्य नाही. गच्चीवरची जुनी एरियल चेअरमन पटेलांनी गेल्या वर्षी उतरवायला लावली. त्यांच्या टीव्हीवर रेघा येत होत्या, ते खरंच आहे. कायमचं काही लावू देणार नाहीत. दहा मिनिटांत उभं राहील आणि दहा मिनिटांत पिशवीत जाईल असं काही हवं. उभी एरियल. नळ्या एकात एक.

गुरु. ६ जाने.
रावपुऱ्यात अॅल्युमिनियमच्या नळ्या. दुकानदार: "पडदे लावायचेत, बेन?" हो म्हटलं, कोण समजावत बसणार. साडेतीन फुटी पाच तुकडे, प्रत्येक पुढचा मागच्यात जेमतेम शिरणारा. तोंडाशी चीर पाडून पाइप आवळायच्या पट्ट्या लावायच्या.
पूर्ण उभी केली की साडेसोळा फूट, वीस मीटरसाठी. वरचे तुकडे काढून अकरा फूट, म्हणजे पंधरा मीटर. चाळीससाठी बुंध्याशी पीव्हीसीवर तारेची गुंडाळी.
अ.: "तुला एकच बँड हवाय ना? मग तीन कशाला?"
"तो कुठे भेटेल काय सांगावं."
हे अर्धंच खरं. एकच केली असती तर उद्याच झाली असती.

रवि. ९ जाने.
गच्चीवर पहिल्यांदा उभी केली. जुन्या छत्रीच्या लोखंडी स्टँडवर, मध्ये नायलॉनचा ठोकळा. खाली चार तारा पसरल्या, चारी दिशांना. मीटर तीनच्या वर. म्हणजे पाठवलं त्यातलं बरंच परत माझ्याकडे. वरची नळी दोन बोटं आत, मग अडीच. अडीचला काटा पडला. बरं वाटलं.
पाचला विनू आला. स्वच्छ, जोरात. त्याच्यापुढे इटालियनांची भिंत. पाऊण तास बोलावत होते. एकदा त्याने प्रश्नचिन्ह दिलं, म्हणजे कोण ते परत सांग, पण ते दुसऱ्याच कुणासाठी होतं.
उजवं मनगट दुखतंय. भात करपला.

शुक्र. १४ जाने.
उत्तरायण. गच्चीवर अख्खी सोसायटी, स्पीकर, उंधियूची पातेली. एरियलचं नावही काढायचं नाही. अ. वर गेलाय पतंग उडवायला, वयाच्या पन्नाशीत. मी खाली चाळीसची गुंडाळी करत बसले. सोळा वेढे, मग सतरा. मग उकलून परत सोळा. वरून दर दोन मिनिटांनी "काप्यो!"
विनूला फिरकी धरायला आवडायचं नाही. मीच धरायची.


रवि. १६ जाने.
ठक्करकाका आले. मला हॅमच्या लायसन्स परीक्षेसाठी ज्यांनी तयार केलं ते. वय सत्त्याहत्तर, जिना तीनदा थांबून चढले. एरियलभोवती एक फेरी मारली, मीटर बघितलं. मी ऐटीत सांगितलं, काटा जवळजवळ तळाला आहे.
हसले. "बेन, मीटर राजी छे. एरियल राजी नथी."
मग सगळं सांगितलं. खालच्या चार तारा अपुऱ्या. अर्धी ताकद गच्चीच्या सिमेंटमध्येच जिरते, परत काही येतच नाही, म्हणून मीटर खूष. तारा वाढव, काटा चढेल, घाबरू नकोस.
दोघांनी बसून आणखी बारा तारा टाकल्या. काटा खरंच चढला, दोनच्या जवळ. आणि बँडवरचा मुंबईचा नेहमीचा गडी म्हणाला, आज काय केलंत ताई, दुप्पट जोरात येताय.
तेवढ्यात चेअरमन पटेल वर. "बेन, मारे त्यां मॅच चाले छे!"
तह: रविवारी चार ते सहा. मॅच असेल तर नाही.
विनूपर्यंत आजही नाही.

बुध. १९ जाने.
अ. जेवताना: "एक विचारू? तू एरियल बनवतेयस की बहाणे?"
"म्हणजे?"
"त्याचा पत्ता आहे. कोपऱ्यावर आयएसडीचा बूथ आहे."
"फोन ठेवून देईल तो."
"ठेवू दे ना. पण तू कधी केलास?"
ताट तसंच टाकून उठले. नंतर भांडी घासली, धुतलेलीसुद्धा.
त्याला वाटतं त्याला सगळं ठाऊक आहे. सगळ्यांना वाटतं. आई दवाखान्यात होती बारा दिवस, विनूला टांझानियाला जाऊन चारच महिने झालेले, सिमेंटच्या कारखान्यात नवी नोकरी. आई म्हणाली, "त्याला कळवू नकोस, धावत येईल, नोकरी जाईल." म्हणून मी कळवलं नाही. तार केली ती सगळं उरकल्यावर. तो तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी आला, दारातच विचारलं, "ताई, किती दिवस होती?" मी म्हटलं, बारा. तो दोन दिवस राहिला आणि माझ्याशी आणखी एक शब्द न बोलता गेला.
इतकं सगळ्यांना माहीत आहे.
आई ते पहिल्या दिवशी म्हणाली होती. एकदाच. शेवटचे दोन दिवस ती विनू विनू करत होती. दवाखान्यासमोरच बूथ होता. मी गेले नाही. राग होता मला, त्याने जायला नको होतं, सगळं माझ्या गळ्यात टाकून. मला वाटत होतं, भोगू दे.
हे आज पहिल्यांदा लिहिलं. पान फाडणार होते.

रवि. २३ जाने.
विनूने पुण्याचा एक जण घेतला. मी नंबर देत होते, त्याच क्षणी. शेवटी विनूने त्याला अक्षर अक्षर करून पाठवलं: धन्यवाद.
परक्या माणसाला.
दहा मिनिटांत एरियल पिशवीत. वरच्या नळीला पोचा आला, माझ्याच हाताने.

रवि. ३० जाने.
मॅच.

गुरु. ३ फेब्रु.
ठक्करकाकांकडे. त्यांचं मीटर परत द्यायला गेले होते, ते म्हणे ठेव. मी चिडूनच बोलले असणार, की तारा सोळाच्या बत्तीस करू का, उंची वाढवू का, गुंडाळी परत करू का. ते ऐकत होते. मग म्हणाले, गच्ची सोड. उभ्या एरियलला खारं पाणी मिळालं की दुसरं काही लागत नाही. कावीला जा, खाडीवर. भरती वर येते तेव्हा ओल्या चिखलात चार तारा टाक.
"पौर्णिमेला पाणी जोरात येतं, बेन. नजर ठेव."
कावी ऐंशी किलोमीटर. अ.ला काय सांगू?

शुक्र. ४ फेब्रु.
सांगितलं. सगळं. दवाखान्यासमोरच्या बूथचंही.
त्याने सगळं ऐकून घेतलं. मग: "स्कूटरवर बॅटरी कुठे ठेवणार?"

शनि. १२ फेब्रु.
उद्या जायचं होतं, तर स्कूटर गॅरेजमध्ये. पुढचा रविवार.
एरियल गच्चीवर उभी करून घड्याळ लावलं: सहा मिनिटं. उतरवायला चार. काय पाठवायचं ते कागदावर लिहून पाठ केलं. आई म्हणाली कळवू नको, म्हणून कळवले नाही. रोमन अक्षरांत, पन्नासच्या आत. लॅबमध्ये टेबलावर बोटं वाजत राहतात. शिपाई विचारतो, मॅडम, तब्येत?

रवि. २० फेब्रु. कावी (घरी आल्यावर लिहिते आहे)
सकाळी नऊला निघालो. बॅटरी अ.च्या पायांत, नळ्या माझ्या मांडीवर आडव्या, जंबुसरपर्यंत येणारे-जाणारे ट्रकवाले शिव्या देत होते.
खाडी म्हणजे नुसता चिखल, पार क्षितिजापर्यंत, पाणी कुठे दिसेचना. एक मच्छीवाला जाळं गुंडाळत होता, तो म्हणाला, पाच वाजता तुम्ही उभे आहात तिथे पाणी. आम्ही मान डोलावली.
पावणेचारला उभी केली. अकरा फूट, चार तारा चिखलात. मीटर बघितलंच नाही. हेडफोन कानाला लावले आणि बँड असा उघडा, असा शांत. शहराची घरघर नाही. जपान, केनिया, कुठली कुठली माणसं जवळ बसल्यासारखी.
चार वीसला विनू. नेहमीची भिंत त्याच्यापुढे. मी एकदाच नंबर दिला.
लगेच आला. माझा नंबर, आणि रिपोर्ट, म्हणजे कसं ऐकू येतंय ते, पाच-नऊ-नऊ. सगळ्यांना देतो तसा.
अशा वेळी आपणही रिपोर्ट द्यायचा आणि बाजूला व्हायचं, मागे शंभर जण थांबलेले असतात. मी रिपोर्ट दिला. मग हात थांबला नाही, पाठवलं: विनू.
 बाकीच्यांचा एकच कल्ला सुरू झाला. मग त्याने सगळ्यांना थांबवलं. दोनदा, ठासून. एक इटालियन गप्प बसेना, त्याला तिसऱ्यांदा. नंतर फक्त के. म्हणजे बोल.
कागद मांडीवर होता. पहिला शब्द तोच पाठवला, आई. पुढचं कागदावरचं नाही पाठवता आलं. पाठवलं: आई शेवटी तुझे नाव घेत होती. मी कळवले नाही. मी.
शेवटचा मी दोनदा गेला असावा. 
अ. "पाणी!" म्हणून ओरडला. बघते तर खालच्या दोन तारा पाण्याखाली, एरियलचा स्टँड कललेला. तो चपलांसकट धावला आणि नळी दोन्ही हातांनी धरून उभा राहिला. ठोकळ्याच्या वर हात लावू नकोस, भाजेल, मी किंचाळले. खाली धर!
मग विनूचा आर. मिळालं, सगळं मिळालं, एवढाच त्याचा अर्थ. बाकी काही नाही.
मग: थांब.
थांबले. पाच मिनिटं. सात. अ.च्या पोटऱ्यांपर्यंत पाणी. बॅटरी दगडावर, दगड बुडत चाललेला. मच्छीवाला लांबून हात हलवत होता, निघा, निघा. त्या वारंवारतेवर काही नाही, नुसती सूऽऽ.
वायर काढली. मीच. बॅटरी उचलली आणि पळालो. दोन तारा चिखलात राहिल्या.
जंबुसरला चहा प्यायलो. अ.च्या पँटवर मांडीपर्यंत चिखल. एकदम म्हणाला, "थांब म्हणाला ना तो. म्हणजे परत येणार असेल."
"हो."
"आणि आपण..."
"हो."

सोम. २१ फेब्रु.
रजा टाकली. दुपारी कोपऱ्यावरच्या बूथमध्ये गेले. नंबर लावला, कारखान्याचा, पत्त्यावरून मिळवलेला. कुणी इंग्रजीत म्हणालं, ते सुट्टीवर आहेत, आठवडाभर. कधीपासून? आजपासून. कुठे? माहीत नाही. कोण बोलतंय?
बहीण म्हटलं.
पलीकडून: "त्यांना बहीण आहे?"

गुरु. २४ फेब्रु.
चौथ्यांदा सगळ्या पट्ट्या खोलून पुसल्या. खारं पाणी चिरांमध्ये गेलंय, पांढरा गंज चढला. गच्चीच्या तारा सोळाच्या चोवीस केल्या. ठक्करकाकांना फोनवर कावीचं सांगितलं. म्हणाले, हवेत पाठवलं ते पोचतं, बेन.  पोचलं, त्याचीच तर भीती.
झोप नाही नीट.  मला वाटतं अ. रोज पोस्टाची पेटी बघतो, माझ्या आधी.

रवि. २७ फेब्रु.
मॅच होती. तरी गच्चीवर गेले. पटेलांच्या दारावर टकटक करून सांगितलं, आज मी बसणार आहे, टीव्हीला रेघा येतील. त्यांनी माझ्याकडे बघितलं. "काई थयुं, बेन?" म्हटलं, भाऊ आहे. त्यांनी दार लोटून घेतलं आणि आतून टीव्ही बंद झाल्याचा आवाज आला.
पाच वाजून दहा मिनिटांनी विनू. सुट्टीवर आहे म्हणे, पण बँडवर आहे.
सीक्यू देतोय, पण नेहमीसारखा नाही. सीक्यू व्हीयू.
अ. शेजारी स्टुलावर. "काय म्हणतोय?"
"व्हीयू म्हणजे आपण. फक्त भारतातून बोला, म्हणतोय. बाकीच्यांनी गप्प राहा."
बंगलोरचा एक जण आला. त्याला रिपोर्ट दिला, वाटेला लावला. परत सीक्यू व्हीयू. कोलकाता. रिपोर्ट. परत. वेग कमी केलाय त्याने, निम्म्यावर, नवशिक्याला द्यावा तसा. प्रत्येक हाकेनंतर लांब गॅप ठेवतो.
मी चार वेळा बोलावलं. गच्चीवरून पोचत नाही. पाचव्यांदा त्याने प्रश्नचिन्ह दिलं, आणि माझ्या नंबरातलं शेवटचं एक अक्षर, बहुतेक. का मला तसं ऐकू आलं.
अ. उठून तारा हातानं ताणून धरतोय, एकेक, कठड्याबाहेर. तो म्हणतो पुन्हा दे.
साडेपाच. विनूने परत गॅप ठेवलाय. नंबर देते.